न नेलेली भांडी

मुर्सलची गाडी नऊला सुटणार होती.
सुटली दहाला, कारण एका बाईच्या कोंबड्या
अजून पोत्यात जायच्या होत्या.
मग कडा, आणि कड्यावर नखानं ओरखडावा तसा रस्ता,
खाली गिर्दिमान नदी, उन्हानं रोडावलेली.
ऐन वळणावर मुर्सल दोन्ही हात सोडून सिगरेट पेटवतो.
कोंबड्यासुद्धा गप्प होतात.

लाहीज म्हणजे एकच गल्ली, म्हटलं तरी चालेल.
नदीतले गोटे आणून उभे बसवलेले,
त्यांवर माझे नवे बूट अडखळतात
आणि पाठीवर सरपण घेतलेलं गाढव
माझ्याकडे ढुंकूनही न बघता पुढे जातं.
भिंतींत दगडांच्या थरांमध्ये लाकडाच्या पट्ट्या.
भूकंप आला की घर हलतं, पडत नाही,
तर्लान सांगतो. वय वर्षं अकरा.
संग्रहालयाची किल्ली आज त्याच्या गळ्यात,
मामा गवत कापायला वर गेलाय.
"हे किती जुनं?"
"खूप."
"आणि ते?"
"त्याहून खूप."
तिकीट मात्र तो अगदी सरळ रेषेत फाडतो.

ग्युलनिसाच्या दारात वाळलेल्या पाल्याच्या जुड्या:
ही गुडघ्यांना, ही झोपेला, ही खोकल्याला.
फोन न करणाऱ्या मुलासाठी
या डोंगरात अजून काही उगवलेलं नाही,
असं तीच म्हणते,
तर्लान शाळेतल्या इंग्रजीत ते मला सांगतो,
आणि ती तंदूरमधली रोटी वर्तमानपत्रात गुंडाळून
माझ्या हातात कोंबते. पैसे घेत नाही.
जुडीचे घेते, चांगले घेते.

ठोके सकाळपासून ऐकू येत होते.
दुपारी त्यांच्यामागे गेले.
काळवंडलेलं दार, भाता, निखारे,
सुर्खाय उस्ता चिमट्यात पातेलं धरून बसलेला.
नवसागराचा पांढरा धूर उठला,
कापसाचा बोळा एकदाच फिरला
आणि आतून चांदणं पसरत गेलं.
"कल्हई!" माझ्या तोंडून निघालं.
त्याचा हात थांबला.
"गलाय," तो म्हणाला.
कल्हई. गलाय. कल्हई.
बराच वेळ आम्ही एकमेकांचा उच्चार दुरुस्त करत होतो.

मग त्यानं माझी स्टीलची बाटली हातात घेतली,
टिचकी मारली, कान लावला,
आणि आजारी माणसाला परत पाठवावं
तशी हळूच परत दिली.

मला वरच्या फळीवरचा हंडा हवा होता, पोचा आलेला.
तो विकायचा नव्हता.
त्या फळीवरचं काहीच विकायचं नव्हतं.
कल्हईला टाकलेली भांडी, न्यायला कोणी आलं नाही.
हंडा सोल्माजचा, ती बाकूला गेली.
दोन वाडगे शिक्षकांचे, ते वारले.
हे घंगाळ कुणाचं,
त्यानं डोकं खाजवलं. आठवेना.
दर वसंतात तो सगळी खाली काढतो,
पुन्हा कल्हई करतो, पुन्हा वर ठेवतो.
कशाला, मी विचारलं.
तर्लाननं विचारलं, उत्तर ऐकलं,
शब्द शोधत छताकडे बघितलं.
"म्हणतात, तांबं हिरवं पडतं.
आल्यावर त्यांना काय सांगू?"

मी एक झाकण विकत घेतलं.
त्याला भांडं नव्हतं.

परतीच्या गाडीत मुर्सलनं विचारलं, काय घेतलं?
दाखवलं. तो एवढा हसला
की मी समोरची दांडी घट्ट धरली.
मग पूल आला, गेला,
नदीवरचं ऊन वर वर सरकत दिसेनासं झालं.
"माझ्या आईचं एक आहे तिथं," तो म्हणाला.
"मोठं. आंघोळीच्या पाण्याचं.
आणतो आणतो म्हणून राहिलंय."

पुढच्या वळणावर त्यानं सिगरेट काढली,
बोटांत धरली, तशीच खिशात ठेवली.
दोन्ही हात स्टिअरिंगवर.